वाचकांचे प्रश्न : नियमित ठोका देणारा टायमर आणि पहारा ठेवणारा वॉचडॉग

मायक्रोकंट्रोलरमधील टायमरांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही वाचकांनी ठरावीक कालावधीने इंटरप्ट (चालू काम क्षणभर थांबवून दुसरे छोटे काम करवून घेणारा संकेत) देणाऱ्या टायमरबद्दल विचारले आहे, तर काहींनी वॉचडॉगबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत प्रोग्रॅमने रीफ्रेश केले नाही, तर चिप रीसेट करून नव्याने सुरू करणाऱ्या टायमरबद्दल. दोन्ही विषयांना स्वतंत्र जागा देण्याचा विचार होता. परंतु पुढील तिसऱ्या प्रश्नात ते एकमेकांत इतके गुंतले आहेत की त्यांना वेगळे केले असते, तर उत्तर अर्धेच राहिले असते. त्या प्रश्नाला म्हणूनच सर्वांत अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असलेल्या आर्डुइनो ऊनो बोर्डावर मी घड्याळ तयार केले आहे. क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा, प्रीस्केलर (क्लॉकचे ठोके भागून कमी करणारा भाजक) १०२४ आणि टायमर १ सीटीसी मोडमध्ये, अशी रचना आहे. १,६०,००,००० ला १०२४ ने भागल्यावर १५,६२५ येतात, म्हणून ओसीआर१ए या रजिस्टरमध्ये (चिपमधील आकडा ठेवण्याच्या जागेत) १५६२५ लिहिले. तरीही घड्याळ दिवसाला सुमारे चार मिनिटे मागे पडते. माझे गणित कुठे चुकते?

उत्तर : गणितात चूक आहे, पण ती चार मिनिटांची नाही. सीटीसी मोडमध्ये टायमरचा काउंटर शून्यापासून मोजत ओसीआर१ए मधील आकड्यापर्यंत जातो आणि त्याच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा शून्यावर येतो. शून्य हाही मोजणीतला एक ठोका असल्यामुळे एका फेरीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक ठोका अधिक होतो. १५,६२५ ठोके हवे असतील, तर रजिस्टरमध्ये १५६२४ लिहिले पाहिजे. प्रीस्केलर १०२४ असताना एक ठोका ६४ मायक्रोसेकंदांचा असतो. आपला प्रत्येक सेकंद तेवढा लांब झाला आहे, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ही वाढ साधारण साडेपाच सेकंदांची होते. चार मिनिटांपैकी एवढाच हिस्सा आपल्या सूत्राचा आहे.

बाकीची तफावत क्लॉकच्या उगमातून येते. या बोर्डावर एटीमेगासाठी क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर बसवलेला असतो, आणि अशा रेझोनेटरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असणे सामान्य मानले जाते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाच्या १,४४० मिनिटांचा अर्धा टक्का म्हणजे सात मिनिटांहून अधिक. हाच कोड दुसऱ्या बोर्डावर चढवला, तर ते घड्याळ पुढेही जाऊ शकेल. कोडमध्ये दुरुस्तीचा आकडा घालून हा फरक कमी करण्याचा मोह होतो, परंतु रेझोनेटरची वारंवारता तापमानाबरोबर सरकत असल्यामुळे आज जुळवलेला आकडा दुसऱ्या ऋतूत जुळत नाही.

घड्याळच करायचे असेल, तर ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल वापरावा. ३२,७६८ ही दोनची पंधरावी घातसंख्या आहे. त्यामुळे टायमर २ असिंक्रोनस मोडमध्ये (मुख्य क्लॉकऐवजी या क्रिस्टलवर) ठेवून प्रीस्केलर १२८ दिला की २५६ ठोक्यांनी, म्हणजे बरोबर एका सेकंदाने, तो ओव्हरफ्लो होतो (पूर्ण भरून शून्यावर येतो) आणि एका ठोक्याच्या हिशेबाची भानगडच उरत नाही. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भागांपर्यंत चुकणारा) क्रिस्टल दिवसाला जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद चुकतो. अडचण एकच आहे: या चिपवर त्या क्रिस्टलच्या पिना आणि मुख्य क्रिस्टलच्या पिना एकच आहेत, म्हणून प्रोसेसरला आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर (ठोके निर्माण करणाऱ्या परिपथावर) चालवावे लागते. तसे करायचे नसेल, तर बाहेरची आरटीसी (वेळ राखणारी) चिप जोडावी.

प्रश्न : दर १०० मिलिसेकंदांनी सेन्सरचे एक वाचन घेण्यासाठी मी डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारे फंक्शन) न वापरता मिलिस या, बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनवर हिशेब ठेवतो. तासाभरात ३६,००० वाचने व्हायला हवीत, पण ती नेहमी थोडी कमी भरतात. शिवाय सुमारे ५० दिवस सलग चालल्यावर एकदा वाचने पूर्ण थांबली आणि वीज बंद-चालू केल्यावरच पुन्हा सुरू झाली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे का?

उत्तर : दोन्ही दोष त्याच दोन-तीन ओळींत असतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत.

वाचने कमी भरतात, कारण काम झाल्यावर आपण ‘मागची वेळ’ या चलात त्या क्षणीची वेळ साठवत असणार. लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा मुख्य प्रोग्रॅम) दुसऱ्या कामात असताना १०० ऐवजी १०३ मिलिसेकंदांनी आपला क्रम लागला, तर पुढचे १०० त्या १०३ पासून मोजले जातात आणि तीन मिलिसेकंदांचा उशीर कायमचा मुरतो. त्याऐवजी मागच्या ठरलेल्या वेळेत १०० मिळवावेत. मग एखादे वाचन उशिरा झाले, तरी पुढचे आपल्या जागेवर येते. मात्र लूप दोन सेकंद अडकून पडला, तर ही पद्धत राहिलेली वीस वाचने एकामागोमाग उरकू पाहते. राहिलेले काम भरून काढायचे की सोडून द्यायचे, हे प्रत्येक उपकरणाच्या गरजेनुसार ठरवावे लागते. तापमान मोजणाऱ्या उपकरणात राहिलेली वाचने सोडून देणे मला अधिक योग्य वाटते, कारण एकाच क्षणी घेतलेल्या वीस वाचनांना काही अर्थ नसतो.

दुसरा दोष ३२ बिटांच्या मर्यादेचा आहे. मिलिसचा आकडा ४,२९,४९,६७,२९६ झाला की शून्यावर येतो, आणि त्याला ४९ दिवस १७ तास २ मिनिटे ४७ सेकंद लागतात. ‘आताची वेळ पुढच्या वेळेइतकी किंवा तिच्याहून मोठी झाली का’ अशी तुलना आपण केली असेल, तर समजा पुढची वेळ ४,२९,४९,६७,२९० ठरली आहे. आता ही अट खरी ठरण्यासाठी जेमतेम सहा मिलिसेकंदांची फट उरते. त्या फटीत लूप दुसरीकडे गुंतला असेल, तर आकडा शून्यावर जातो आणि अट आणखी जवळजवळ ५० दिवस खरी होत नाही. यावरचा उपाय म्हणजे वजाबाकी: आताच्या वेळेतून मागची वेळ वजा करून आलेला फरक १०० इतका किंवा अधिक आहे का, ते पाहावे. दोन्ही चल ३२ बिटांचे आणि चिन्हरहित असतील, तर शून्य ओलांडल्यानंतरही हा फरक बरोबरच येतो.

असा दोष फक्त हौशी कामांत राहतो असे नाही. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१५ मध्ये बोईंग ७८७ विमानांसाठी एक आदेश काढला होता. वीजनिर्मितीवर नियंत्रण ठेवणारे एकक सलग २४८ दिवस चालू राहिले, तर त्यातील सॉफ्टवेअरचा एक काउंटर ओव्हरफ्लो होऊन ते एकक फेलसेफ मोडमध्ये (बिघाडात घ्यायच्या सुरक्षित स्थितीत) जाऊ शकत होते. सेकंदाचे शतांश मोजणारा, चिन्हासह ३२ बिटांचा काउंटर सुमारे २४८.५ दिवसांत भरतो, हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल.

आणखी दोन सूचना. मिलिसचा आकडा एकेकानेच वाढतो असे गृहीत धरू नये. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोवर टायमर ०, ६४ च्या प्रीस्केलरने २५६ ठोके मोजतो, म्हणजे त्याचा इंटरप्ट १ नव्हे तर १.०२४ मिलिसेकंदांनी येतो. साचलेला फरक भरून काढण्यासाठी मिलिस अधूनमधून एकदम दोनने पुढे सरकते. म्हणून ‘बाकी शून्य आली तर’ किंवा ‘आकडा अमुक इतकाच असेल तर’ अशा अटी कधीतरी निसटतात. दुसरे म्हणजे, स्वतःच्या इंटरप्टमध्ये ३२ बिटांचा काउंटर वाढवत असाल, तर तो व्होलाटाइल (मध्येच बदलू शकणारा) घोषित करावाच, शिवाय ८ बिटांच्या प्रोसेसरवर तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत घ्यावी. चार बाइट एकेक करून वाचले जात असताना मध्येच इंटरप्ट आला, तर दोन बाइट जुन्या आकड्याचे आणि दोन नव्याचे असा तिसराच आकडा हाती येतो, आणि ही चूक इतकी क्वचित घडते की तपासणीत ती सहसा सापडत नाही.

प्रश्न : आमच्या उपकरणात मुख्य लूपला लागणारा वेळ कमी-जास्त होतो. सिरीयल पोर्टवरील संवाद लांबला की वॉचडॉग नाहक रीसेट देत असे. म्हणून वॉचडॉग रीफ्रेश करणारी ओळ आम्ही १ मिलिसेकंदाच्या टायमर इंटरप्टमध्ये हलवली. नाहक रीसेट थांबले, परंतु आता उपकरण अधूनमधून गोठते आणि वॉचडॉग काहीच करत नाही. चिपमधील वॉचडॉग बिघडला आहे का?

उत्तर : वॉचडॉग ठणठणीत आहे. त्याला जे सांगितले जाते, त्यावर तो विश्वास ठेवतो आहे.

नियमित टायमरचा इंटरप्ट मुख्य प्रोग्रॅमच्या अवस्थेवर अवलंबून नसतो, आणि तोच त्याचा उपयोग आहे. मुख्य लूप आयटूसी बसवरील (चिपना दोन तारांनी जोडणाऱ्या मार्गावरील) एखाद्या सेन्सरची वाट पाहत कायमचा अडकला, तरी दर मिलिसेकंदाला हार्डवेअर प्रोसेसरला तिथून उचलून इंटरप्टच्या कोडमध्ये आणते, तो कोड वॉचडॉग रीफ्रेश करतो आणि प्रोसेसर पुन्हा त्याच न संपणाऱ्या प्रतीक्षेत परततो. गैरहजर कामगाराची हजेरी शेजाऱ्याने रोज लावावी, तसा हा प्रकार आहे. इंटरप्टमधून दिलेल्या रीफ्रेशने एवढेच सिद्ध होते की टायमर चालू आहे आणि इंटरप्ट बंद केलेले नाहीत. उपकरण आपले काम करते आहे की नाही, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही, आणि वॉचडॉग बसवला जातो तो नेमके तेवढे कळावे म्हणून.

मग ती ओळ पुन्हा लूपमध्ये ठेवावी, असे वाटेल. तिथेही एक खड्डा आहे. नाहक रीसेट टाळण्यासाठी अनेक जण प्रत्येक लांब चालणाऱ्या फंक्शनमध्ये, अगदी प्रतीक्षेच्या छोट्या लूपमध्येसुद्धा, रीफ्रेश पेरत जातात. ज्या लूपमध्ये अडकण्याची शक्यता सर्वाधिक, तोच लूप मग वॉचडॉगला शांत ठेवू लागतो. माझ्या मते सबंध फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या चिपमधील प्रोग्रॅममध्ये) रीफ्रेशची ओळ एकाच ठिकाणी असावी. ती दुसऱ्या ठिकाणी लिहिण्याची गरज भासली, तर तिथे रचनेत काहीतरी दुरुस्त व्हायचे राहिले आहे असे समजावे. आपल्या बाबतीत ते राहिलेले काम सिरीयल संवादाचे आहे. प्रत्येक प्रतीक्षेला स्वतःची कालमर्यादा असली पाहिजे, आणि ती संपल्यावर काय करायचे हेही लिहिलेले असले पाहिजे. आयटूसीवर एखाद्या चिपने डेटाची तार खाली ओढून धरली असेल, तर क्लॉकच्या तारेवर नऊ ठोके देऊन ती सोडवता येते. हे ड्रायव्हरने (त्या बसचा कारभार पाहणाऱ्या कोडने) करावे. त्यासाठी सबंध उपकरण रीसेट होण्याची वाट पाहू नये.

आता मुख्य रचना पाहू. समजा आपल्या उपकरणात सेन्सर वाचणे, नियंत्रणाचा हिशेब करणे आणि संवाद अशी तीन कामे आहेत. प्रत्येक कामासाठी एक बिट राखून ठेवावा. ते काम खरोखर पूर्ण झाले, म्हणजे सेन्सरचे वाचन शक्य त्या मर्यादेत आले, हिशेबातून स्वीकारार्ह आकडा निघाला, संवादाच्या रांगेची तपासणी झाली, की त्या कामाने आपला बिट एक करावा. फंक्शनमध्ये शिरताना बिट लावू नये; तसे केल्यास कामाला सुरुवात झाल्याची नोंद होते, ते संपल्याची होत नाही. मुख्य लूपमधील एका जागी तीनही बिट लागलेले दिसले, तरच वॉचडॉग रीफ्रेश करावा आणि लगेच तीनही बिट शून्य करावेत. एखादे काम थांबले, तर त्याचा बिट लागत नाही, मग बाकीची दोन कामे कितीही उत्साहाने चालू असोत.

कामांचे कालावधी फार वेगळे असतील, तर बिटांऐवजी काउंटर वापरावेत. सेन्सरचे काम दर १० मिलिसेकंदांनी आणि संवादाचे काम ५ सेकंदांतून एकदा होत असेल, तर दोघांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. अशा वेळी प्रत्येक कामाला स्वतःची मुदत द्यावी, नियमित टायमरच्या इंटरप्टने त्या मुदती मिलिसेकंदागणिक कमी करत न्याव्यात, आणि काम पूर्ण झाल्यावर त्या कामाने आपली मुदत पुन्हा भरावी. कोणाचीही मुदत शून्यावर आलेली नसेल, तरच मुख्य लूपमधून रीफ्रेश व्हावा. आपल्या १ मिलिसेकंदाच्या इंटरप्टचा वॉचडॉगसाठी योग्य उपयोग हा आहे. त्याने वेळ मोजावी, हमी देऊ नये.

काही चिपमध्ये आणखी एक सोय असते, ती म्हणजे विंडो वॉचडॉग. साधा वॉचडॉग फक्त उशीर ओळखतो. पण प्रोग्रॅम भरकटून रीफ्रेशच्या ओळीभोवतीच वेगाने फिरू लागला, तर उशीर कधीच होत नाही. विंडो वॉचडॉगला रीफ्रेश ठरलेल्या खिडकीतच मिळावा लागतो. लवकर आलेला रीफ्रेशसुद्धा रीसेट घडवतो. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरांमधील अशा वॉचडॉगचा काउंटर सात बिटांचा असतो, तो वरून खाली मोजतो आणि हेक्साडेसिमल ४० च्या (दशमान ६४ च्या) खाली उतरताच रीसेट देतो. ४० वर असताना हवा असल्यास एक पूर्वसूचनेचा इंटरप्टही देतो. मात्र तो बसच्या क्लॉकवर चालतो. तो क्लॉकच थांबला, तर तोही थांबतो. म्हणून त्याच चिपमध्ये स्वतंत्र ऑसिलेटरवर चालणारा दुसरा वॉचडॉग दिलेला असतो, आणि महत्त्वाच्या उपकरणात दोन्ही चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते.

काम झाले की नाही हे तपासणाऱ्या रचनेचे एक प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचे आहे. नासाचे मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. त्यातील प्रणालीत दर १२५ मिलिसेकंदांनी एक चक्र फिरत असे, आणि चक्राच्या ठरलेल्या क्षणी एक टास्क माहितीच्या वितरणाचे काम पूर्ण झाले आहे का, हे पाहत असे. ते झाले नसेल, तर प्रणाली रीसेट केली जाई. कारण शोधताना असे दिसले, की हवामानाची माहिती गोळा करणारा कमी प्राधान्याचा टास्क एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारे कुलूप) धरून बसत होता, त्याच म्यूटेक्ससाठी उच्च प्राधान्याचा वितरणाचा टास्क खोळंबत होता, आणि मध्यम प्राधान्याचे टास्क पुढे घुसून पहिल्याला काम संपवूच देत नव्हते. व्हीएक्सवर्क्स या प्रणालीतील त्या म्यूटेक्ससाठी प्राधान्य-वारसा (म्यूटेक्स धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देणे) चालू करण्याचा बदल पृथ्वीवरून पाठवल्यावर रीसेट थांबले. त्या दिवसांत यानाचे टायमर आणि इंटरप्ट बिनबोभाट चालू होते, हे ध्यानात घ्यावे. टायमर इंटरप्टमधून हमी देणारी आपली सध्याची रचना तिथे असती, तर त्या रचनेला कोणताही दोष दिसला नसता.

प्रश्न : एसटीएम३२एफ१०३ वर आयडब्ल्यूडीजी (स्वतंत्र ऑसिलेटरवर चालणारा) वॉचडॉग एका सेकंदाचा लावला आहे: प्रीस्केलर ३२ आणि रीलोड (ज्या आकड्यापासून मोजणी खाली उतरते तो) १२४९. आमच्या लूपला वाईटात वाईट परिस्थितीत ७०० मिलिसेकंद लागतात. तरीही काही बोर्ड अधूनमधून रीसेट होतात आणि काही कधीच होत नाहीत. सोल्डरिंग पुन्हा केले, फरक पडला नाही.

उत्तर : सोल्डरिंगचा यात दोष नाही. आपण धरलेला एक सेकंद ४० किलोहर्ट्झच्या क्लॉकवरचा आहे, आणि या वॉचडॉगला क्लॉक पुरवणारा आतला एलएसआय ऑसिलेटर या चिपमध्ये ३० ते ६० किलोहर्ट्झच्या दरम्यान कुठेही असू शकतो. १,२५० गुणिले ३२ म्हणजे ४०,००० ठोके; ६० किलोहर्ट्झला ते ६६७ मिलिसेकंदांत संपतात आणि ३० किलोहर्ट्झला १,३३३ मिलिसेकंद चालतात. ज्या बोर्डांवर हा ऑसिलेटर वेगाने चालतो, त्यांवर आपले ७०० मिलिसेकंद मुदतीबाहेर जातात.

म्हणून वॉचडॉगची मुदत दोन टोकांनी तपासावी. सर्वांत वेगवान ऑसिलेटर धरून येणारी मुदत लूपच्या सर्वांत लांब काळापेक्षा निश्चित मोठी असावी. आणि सर्वांत मंद ऑसिलेटर धरून येणाऱ्या मुदतीपर्यंत उपकरण बेभान राहिले, तरी धोका होता कामा नये. रीलोड २४९९ केल्यास ही टोके १.३३ आणि २.६७ सेकंद होतात. तेवढा वेळ एखादा हीटर चालू राहिलेला चालणार असेल, तर हा आकडा ठीक आहे; मोटर असेल, तर लूपच लहान केला पाहिजे. लूपचा सर्वांत लांब काळ ठरवताना फ्लॅश (कोड साठवणारी स्मृती) पुसण्याचा वेळ विसरला जातो. एसटीएम३२एफ४ मालिकेत १२८ किलोबाइटचा एक सेक्टर पुसायला एक-दोन सेकंद लागू शकतात, आणि कोड त्याच फ्लॅशमधून चालत असेल, तर तोवर प्रोसेसर थबकलेला असतो.

हा वॉचडॉग एकदा सुरू केला की रीसेटशिवाय थांबत नाही, स्टॉप आणि स्टँडबाय या झोपेच्या अवस्थांतही नाही. १२ बिटांच्या काउंटरला २५६ चा प्रीस्केलर दिला, तरी ४० किलोहर्ट्झला २६ सेकंदांच्या आसपास मुदत मिळते. बॅटरीवरील उपकरण यापेक्षा लांब झोपणार असेल, तर मध्ये उठून रीफ्रेश करावाच लागेल. डीबगरने (दोष शोधण्याच्या साधनाने) प्रोसेसर थांबवला असताना मात्र वॉचडॉग गोठवण्याची सोय डीबीजीएमसीयू रजिस्टरमध्ये आहे. ती न वापरल्यास प्रत्येक ब्रेकपॉइंटनंतर बोर्ड रीसेट होतो आणि तपासणी करणारा भलत्याच दोषामागे लागतो.

दुसऱ्या चिपकडे वळणाऱ्यांसाठी एक इशारा: आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरमध्ये वॉचडॉगचा काउंटर दर ठोक्याला एकऐवजी दोनने उतरतो, असा चिपमधलाच दोष उत्पादकाने नोंदवला आहे, आणि त्यामुळे २४ बिट असूनही कमाल मुदत ८.३ सेकंदांचीच मिळते.

प्रश्न : जुन्या आर्डुइनो बोर्डावर वॉचडॉगने एकदा रीसेट दिल्यावर बोर्ड सतत रीसेटच होत राहतो, स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) सुरूच होत नाही. वीज काढून पुन्हा दिल्यावर ठीक होतो.

उत्तर : एटीमेगा३२८पी मध्ये वॉचडॉगच्या रीसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो, आणि तोही सर्वांत कमी, म्हणजे १६ मिलिसेकंदांच्या मुदतीने. एमसीयूएसआर रजिस्टरमधील डब्ल्यूडीआरएफ हा फ्लॅग शून्य केल्याशिवाय तो बंदही करता येत नाही. जुना बूटलोडर (नवे स्केच चढवून घेणारा आरंभीचा छोटा कोड) हे काम न करताच नव्या स्केचची वाट पाहत बसतो आणि १६ मिलिसेकंदांत पुन्हा रीसेट होतो. ऑप्टिबूट हा बूटलोडर चढवल्यास अडचण मिटते. बूटलोडरशिवाय काम करत असाल, तर प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी एमसीयूएसआरची प्रत घेऊन ते शून्य करावे आणि मग वॉचडॉग बंद करावा किंवा हव्या त्या मुदतीचा लावावा.

प्रश्न : एमएसपी४३० या मायक्रोकंट्रोलरवर माझा प्रोग्रॅम नीट चालत होता. एक मोठा अॅरे वाढवल्यावर मेन फंक्शनची पहिली ओळसुद्धा चालत नाही. पहिल्या ओळीत वॉचडॉग बंद करण्याची सूचना आहे.

उत्तर : ती सूचना येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. या चिपमध्ये वॉचडॉग रीसेटपासूनच चालू असतो आणि मूळ स्थितीत ३२,७६८ ठोक्यांनी, म्हणजे सुमारे १ मेगाहर्ट्झला साधारण ३२ मिलिसेकंदांत, रीसेट देतो. मेन सुरू होण्याआधी कंपायलरचा आरंभीचा कोड सर्व चलांना प्रारंभीच्या किमती देतो. अॅरे मोठा झाल्यामुळे तेवढ्यातच मुदत संपते. बहुतेक कंपायलर या टप्प्याच्या आधी चालणारे एक छोटे फंक्शन लिहू देतात. वॉचडॉगची सूचना तिथे हलवावी. याच चिपच्या वॉचडॉगला रीसेट न देता ठरावीक काळाने नुसता इंटरप्ट देणारा टायमर म्हणूनही चालवता येते, आणि पहाऱ्याची गरज नसलेल्या छोट्या कामांत ती सोय उपयोगी पडते. एकच काउंटर दोन्ही कामे एकाच वेळी करू शकत नाही, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

प्रश्न : वॉचडॉगने रीसेट दिला होता हे नंतर कसे कळावे? आणि चिपमध्ये वॉचडॉग असताना काही उत्पादक बाहेर वेगळी वॉचडॉग चिप का लावतात?

उत्तर : जवळजवळ प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये रीसेटचे कारण सांगणारे रजिस्टर असते, एव्हीआरमध्ये (एटीमेगाच्या कुटुंबात) वर सांगितलेले एमसीयूएसआर, एसटीएम३२ मध्ये आरसीसीचे सीएसआर. ते आरंभीच वाचून साठवावे आणि मग साफ करावे, नाहीतर जुने कारण पुढच्या रीसेटच्या खाती जमा होते. रीसेटने पुसली न जाणारी रॅमची एक लहान जागा लिंकरमध्ये (कोड आणि चलांना स्मृतीत जागा ठरवून देणाऱ्या साधनात) राखून तिथे चालू कामाचा क्रमांक लिहीत गेल्यास, कोणत्या कामात अडकून रीसेट झाला हेही कळते. त्याच जागी लागोपाठच्या वॉचडॉग रीसेटांची मोजणी ठेवावी. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर पुन्हा तेच सुरू करण्याऐवजी उपकरणाने आपली आउटपुट सुरक्षित स्थितीत ठेवून थांबावे, कारण दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होणारा पंप बंद पडलेल्या पंपापेक्षा अधिक नुकसान करू शकतो.

बाहेरच्या चिपचे कारण असे की आतला वॉचडॉग त्याच सिलिकॉनवर आणि त्याच विजेवर असतो. व्होल्टेज विचित्र पातळीवर घुटमळले किंवा चुकीच्या कोडने वॉचडॉगच्या रजिस्टरांत ढवळाढवळ केली, तर ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याबरोबर पहारेकरीही लुळा पडू शकतो. मॅक्स७०६ सारख्या चिपमध्ये व्होल्टेजवर लक्ष ठेवणे आणि १.६ सेकंदांचा वॉचडॉग, दोन्ही एकत्र मिळतात. मायक्रोकंट्रोलरने एका पिनेची पातळी त्या मुदतीत बदलत राहायचे असते. इथेही ती पिन टायमरच्या पीडब्ल्यूएम (आपोआप पातळी बदलत राहणाऱ्या) आउटपुटला जोडू नये; तसे केल्यास तिसऱ्या प्रश्नातील चूक कोडऐवजी तारेने केल्यासारखे होईल. या चिपची वॉचडॉगची इनपुट पिन मोकळी सोडली, तर तिचा वॉचडॉग बंद होतो. मायक्रोकंट्रोलरची पिन रीसेटनंतर इनपुट अवस्थेत असताना नेमके हेच घडते, आणि फर्मवेअर अगदी सुरुवातीलाच कोलमडले, तर बाहेरची चिप गप्प बसते. त्या पिनेवर एक पुल-डाउन (पिनेला खालच्या पातळीवर ओढून ठेवणारा) रेझिस्टर लावून ठेवावा. त्याची ओहममधील किंमत चिपच्या डेटाशीटमध्ये दिलेल्या इनपुट करंटवरून काढावी, कारण फार मोठ्या किमतीचा रेझिस्टर त्या पिनेला मोकळी असल्यासारखाच भासतो.